तात्पुरती ओळ

सत्य एकच असतं, आणि ते कितीही वेळा तपासून पाहिलं तरी बदलत नाही, ह्या एका विश्वासावर माणसाची सगळी संस्कृती उभी आहे. न्यायालयं, प्रयोगशाळा, तराजू, थर्मामीटर, सगळं. काकांच्या ऑफिसात मात्र सत्य तीनदा तपासत आणि त्यातल्या त्यात बरं निघेल ते ठेवून घेत.

म्हणजे गेली चार वर्षं घेत होते. त्या सोमवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी भिंतीवरचा दिवा लाल झाला, आणि काकांनी चहाचा कागदी कप ओठांपर्यंत नेला होता तो तसाच खाली ठेवला. चहा तसाही वाईटच होता.

काका त्या ऑफिसात कुणाचेच काका नव्हते. छप्पन्न वर्षांचा माणूस पंचविशीतल्या माणसांत बसला की त्याला नातं आपोआप चिकटतं, धुतलं तरी जात नाही. त्यांचं काम दिव्याचं. दिवसभर तीसेक माणसं आपापल्या टेबलावर प्रोग्रॅमचे तुकडे लिहीत. कुणी एक तुकडा जमा केला, की काचेमागचा सर्व्हर सगळ्यांचे सगळे तुकडे जोडून अख्खा प्रोग्रॅम नव्याने बांधी आणि त्याच्या चार हजार सहाशे बारा परीक्षा घेई. ह्या सगळ्या प्रकाराला बिल्ड म्हणत. सगळ्या परीक्षा पास झाल्या की दिवा हिरवा. एक जरी नापास झाली की लाल, आणि मग कुणाचंच काही पुढे जात नसे. लिफ्ट बंद पडल्यावर इमारतीत होतं तसं व्हायचं: जो तो दार उघडून बाहेर यायचा, एकमेकांकडे संशयाने बघायचा, आणि मी काही केलं नाही असं न विचारता सांगायचा. मग काका खुर्ची पुढे ओढायचे. सर्व्हर जे जे करतो ते एकाखाली एक लिहीत जातो, त्याला लॉग म्हणतात, आणि तो अकरा हजार ओळींचा असतो. नवशिके तो खालून वाचतात, कारण रडारड सगळी खाली असते. काका वरून वाचत. पहिली चूक एकटीच येते. पुढच्या साडेतीनशे तिच्या मयताला जमलेल्या असतात, त्यांना काही विचारण्यात अर्थ नसतो. अशा वाचनातून त्यांनी काय काय शोधून काढलं होतं. सर्व्हरचं घड्याळ दोन मिनिटं पुढे गेलेलं. जुन्या बिल्डांचं सामान साठून डिस्कला श्वास घ्यायला जागा उरलेली नाही. एकदा तर दोन परीक्षा सापडल्या, वेगवेगळ्या घेतल्या तर दोघी गुणी, एकीमागून एक घेतल्या की दुसरी हमखास नापास. काकांनी त्यांना जावा असं नाव ठेवून दोन वेगळ्या मशीनवर बिऱ्हाडं करून दिली, आणि त्या दिवसापासून घरात शांतता नांदू लागली.

पण आजच्या परीक्षेला काकांनी कधी नाव ठेवलं नव्हतं. तिचं नाव तिच्याबरोबरच आलेलं होतं: श्वास थांबल्यापासून पाच सेकंदांत भोंगा. ते अक्षर अन् अक्षर ओळखीचं. चार वर्षं ज्याला आपण रस्ता बदलून चुकवला, तोच माणूस लिफ्टमध्ये समोर उभा राहावा आणि दार बंद व्हावं, तसं काकांना झालं. त्यांनी उगाच मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

कंपनीचं यंत्र अगदी साधं, उशाशी ठेवायचं, चपलांच्या खोक्याएवढं. घरी पडून असलेल्या आजारी माणसाच्या छातीला एक पट्टा बांधायचा. यंत्र श्वास मोजत बसतं, आणि श्वास थांबला की पाच सेकंदांत भोंगा वाजवतं. भोंगा असा की शेजाऱ्यांनी तक्रार करावी. परीक्षेसाठी सर्व्हरच्या पोटात एक खोटा पेशंट ठेवलेला होता. तो दिवसातून चाळीस वेळा मरायचा, आणि भोंगा वाजला की उठून पुढच्या बिल्डची वाट बघायचा. चार वर्षांपूर्वी ह्या पेशंटने एक खोड काढली. तिसांत एखाद्या वेळी भोंगा वाजायचा नाही. पुन्हा चालवून बघितलं की वाजायचा. लॉगमध्ये काही सापडेना. काका तीन दिवस शोधत होते, यंत्रं द्यायची तारीख उद्यावर आली होती, आणि सगळे त्यांच्या टेबलाभोवती ऑपरेशन थिएटरबाहेर उभे राहतात तसे उभे होते. तेव्हा काकांनी सर्व्हरच्या नियमांत एक ओळ लिहिली. ही परीक्षा नापास झाली तर पुन्हा घ्यावी; फार तर तीनदा; तीनांतून एकदा पास झाली तरी पास समजावी. वर एक शेरा लिहिला: तात्पुरतं. दिवा हिरवा झाला. कुणीतरी केक आणला. केकवर क्रीमने काका असं लिहिलं होतं, आणि शेवटच्या कान्यावरून कुणाची तरी बाही फिरली होती.

ती तात्पुरती ओळ चार वर्षं टिकली. त्या काळात दोन साहेब बदलले, ऑफिस एका मजल्यावरून दुसऱ्यावर गेलं, काकांच्या चष्म्याचा नंबर दोनदा वाढला. कायम म्हणून केलेलं काहीच त्या कंपनीत इतकं टिकलं नव्हतं. मग ह्या शनिवारी-रविवारी जुना सर्व्हर काढून नवा बसवला. नव्याला जुन्याच्या काही ओळी समजल्या नाहीत, त्या त्याने मुकाट्याने गाळल्या. आता खोटा पेशंट एकदाच मरत होता, आणि एकदाच मरून भोंगा वाजला नाही तर नापास होत होता. बाकी जग असंच चालतं, पण ऑफिसला सवय राहिली नव्हती.

काकांनी लॉग वरून वाचायला घेतला. नवा सर्व्हर जास्त बोलका होता; जुना जे गिळायचा ते हा लिहायचा. तीन हजार चारशेव्या ओळीपाशी काका थांबले. दर तासाच्या ठोक्याला यंत्र मागच्या तासाचे सगळे श्वास कंपनीकडे पाठवतं. परीक्षेतलं घड्याळ पळवलेलं असतं, त्यामुळे खोट्या पेशंटचा तास दीड मिनिटात भरतो. ज्या वेळी त्याचा श्वास नेमका ठोक्याला थांबे, त्या वेळी भोंग्याचा हुकूम त्या पाठवणीच्या मागे रांगेत उभा राही. पाठवणी संपेपर्यंत भोंगा गप्प. नेट चांगलं असेल तर दोन सेकंद. नेट अडखळत असेल तर, अडखळेल तितका वेळ. म्हणजे यंत्राला एका वेळी एकच काम येत होतं, आणि त्याला वाटत होतं की आधी साहेबांना हिशेब पाठवावा, माणसाचं मग बघू. काकांना हे पहिल्यांदा वाचताना हसू आलं. असे कारकून त्यांनी पाहिले होते. दुसऱ्यांदा वाचताना ठोक्याला ह्या शब्दावर डोळा अडकला आणि हसू ओठांवरच वाळलं. आई चारला गेली होती.

आई ताईकडे असे. ताई काकांहून सहा वर्षांनी मोठी, शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेली, तळमजल्यावर राहणारी. आईला जिना होत नव्हता म्हणून आई तिच्याकडे, असं सगळ्यांनी ठरवलं होतं. जिना नसणं हा एवढा मोठा गुण आहे हे ताईला तेव्हाच कळलं, असं ती म्हणे. काका रविवारी जात, आईच्या पायाशी बसून पेपर वाचून दाखवत आणि रविवार केल्यासारखं वाटून परत येत. यंत्र त्यांनीच आणून बसवलं. पट्टा आईला बांधण्याआधी स्वतःला बांधून घेतला, आईच्या पलंगावर आडवे झाले, श्वास रोखला. चार सेकंद. भोंगा असा कडाडला की स्वयंपाकघरात ताईच्या हातून चमचा पडला. पुन्हा रोखला, पुन्हा वाजला. तिसऱ्यांदाही. आई खुर्चीत बसून हे बघत होती. मुलगा आपल्या पलंगावर छातीला पट्टा बांधून डोळे मिटून पडला आहे, हे तिला आवडलं नसावं. "पुरे आता, घे श्वास," ती म्हणाली. आणि मग, "तीनदा वाजलं ना? मग ठीक."

तीनदा हे आईचं मोजमाप होतं. घराबाहेर पडताना कुलूप लावलं की ती ते तीनदा ओढून बघायची. लहानपणी काका आणि ताई पायरीवर उभे राहून मोजत, एक, दोन, तीन, आणि तिसऱ्याला आईच्या पाठीमागून स्वतःही हवेतलं कुलूप ओढत. काकांना वाटे, आपल्या नियमात तीन हा आकडा कुठून आला ते कुणालाच ठाऊक नाही, आणि ह्याची त्यांना मनातल्या मनात गंमत वाटे. सर्व्हरच्या नियमांत आपली आई आहे, साहेबांना पत्ता नाही. आज त्या ओळीची आठवण काढताना त्यांच्या लक्षात आलं की आई तिन्ही वेळा ओढायची आणि तिन्ही वेळा कुलूप टिकलं तरच पायरी उतरायची. एकदा जरी कडी सैल वाटली तरी सगळ्यांना परत आत. एकदा गाडी चुकली होती तेवढ्यापायी. तीनांतून एकदा टिकलं तर टिकलं समजायचं, असं आईने कधी म्हटलं नव्हतं. तेवढी भर मुलाने घातली. आकडा आईचा आणि अक्कल आपली.

आठ महिन्यांपूर्वीचा गुरुवार. चार वाजून वीस मिनिटांनी ताईचा फोन आला, तिने फक्त "ये" म्हटलं. डॉक्टर म्हणाले, ताई पोचली तेव्हाच श्वास थांबून दहाएक मिनिटं झाली असावीत. भोंगा वाजल्या वाजल्या कुणी पाठीला आधार देऊन बसवलं असतं, ऑक्सिजन लावला असता, तर आणखी काही दिवस, काही आठवडे, सांगता येत नाही. सांगता येत नाही हे त्यांनी दोनदा सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाहेरच्या खोलीत दहा-बारा माणसं भिंतीला टेकून बसली होती. मामा, आईचे धाकटे भाऊ, ज्यांना कुठल्याही प्रसंगी कुणाची चूक ते ठरल्याशिवाय चैन पडत नसे, त्यांनी विचारलं, अगं, मग ते यंत्र वाजलं नाही का? ताई म्हणाली, "वाजलं की. मी जागीच होते, इथे खुर्चीवर. वाजलं तशी धावले." मामांनी काकांकडे पाहिलं. घरात यंत्रातलं कळणारा एकच माणूस. आणि काका म्हणाले, अगदी शांतपणे म्हणाले, त्यात दुष्टपणा औषधालाही नव्हता, ते फक्त माहिती देत होते: "ताई, ते पाच सेकंदांत वाजतं. आम्ही रोज तपासतो."

हिशेब पहिलीतल्या मुलाचा होता. यंत्र पाच सेकंदांत वाजलं. ताई दहा मिनिटांनी आली. मधली दहा मिनिटं भोंगा बोंबलत होता आणि बाई खुर्चीत झोपली होती. मामांनी फक्त मान हलवली आणि पंख्याकडे पाहिलं. ताईने काकांकडे बघितलं, बराच वेळ, एखाद्या ओळखीच्या कापडाचा पोत अचानक वेगळा लागावा तसं. मग म्हणाली, "मग लागली असेल झोप." त्यानंतर ती जागी असल्याचं तिने पुन्हा कधीच म्हटलं नाही. उलट कुणी सांत्वनाला आलं की तीच आधी सांगून मोकळी व्हायची, मला डुलकी लागली हो. सांगून सांगून तिला ती डुलकी आठवायलाही लागली होती. एकदा म्हणाली, स्वप्न पडत होतं बघ, शाळेचं. त्या खुर्चीची उशी तिने काढून टाकली. दुपारी आडवं होणं बंद केलं. आणि एक काकांनी पाहिलं होतं, पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं: चार वाजायला आले की ती उठते आणि आवाजाचं काहीतरी काम काढते. भांडी घासते, शिवणयंत्र चालवते, नळ सोडते. पंधरा मिनिटांनी परत येऊन बसते. काका म्हणत, तिला कामाची सवय आहे.

त्यांनी आता कपाळ पुसलं. ऑफिसात थंडी होती. सगळ्या घरांतल्या यंत्रांच्या नोंदी कंपनीच्या मशीनवर येऊन पडतात, आईच्याही असणार. आठ महिने त्या तिथेच होत्या, काकांच्या खुर्चीपासून भिंतीपलीकडे. त्यांनी कधी काढून बघितल्या नाहीत. बघायचं काय होतं, पाच सेकंदांत वाजतं. यंत्राचा नंबर त्यांना पाठ होता, चिकटपट्टी त्यांनीच लावली होती. त्यांनी नंबर टाकला. बोट शेवटच्या आकड्यावर थांबलं. अजून मागे फिरता येत होतं, अजून लॉगमधली ती ओळ नुसतीच यंत्राची चूक होती. पंचवीस वर्षं त्यांनी जगाच्या चुका शोधल्या होत्या, आणि त्या धंद्यात एक प्रसंग सगळ्यांवर येतो: एखादी भयंकर ओळ दिसते, माणूस मनापासून शिव्या घालतो, कुणी लिहिली म्हणून बघायला जातो, आणि शेजारी स्वतःचंच नाव असतं. कँटीनमध्ये ह्यावर सगळे हसतात. काकाही हसत. त्यांनी आकडा दाबला.

चार वाजून शून्य मिनिटं शून्य सेकंद, नोंद पाठवायला सुरुवात. चार, शून्य, तीन: श्वास नाही. मग काहीच नाही. पडदा खाली सरकवावा लागला नाही, पुढची ओळ लगेच खालीच होती, पण तिच्यातलं आणि हिच्यातलं अंतर नऊ मिनिटांचं होतं. चार, नऊ, एक्केचाळीस: नोंद पाठवून पूर्ण. चार, नऊ, एक्केचाळीस: भोंगा सुरू. आणि शेवटची. चार, नऊ, बावन्न: भोंगा हाताने बंद केला.

अकरा सेकंद. बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीपासून आईच्या पलंगापर्यंत पंधरा पावलं, मध्ये एक उंबरठा, एक तिवई. बासष्ट वर्षांची बाई, गुडघे दुखणारी. काकांनी डोळ्यांपुढे तिला उठवलं, चालवलं, पोचवलं. चालत जमत नव्हतं. पुन्हा उठवलं. धावल्याशिवाय अकरा सेकंदांत होत नव्हतं. झोपेतून उठलेल्या माणसाला तर नाहीच. वाजलं तशी धावले. तिने जे सांगितलं होतं ते पहिल्याच वेळी, जसंच्या तसं, सेकंदाला सेकंद खरं होतं, आणि त्याला पुन्हा चालवून बघायचंही कुणाला सुचलं नव्हतं. खोट्या पेशंटला दर वेळी तीन संधी होत्या. ताईला एकच मिळाली आणि त्यात तिला नापास करणारा परीक्षक तिचा सख्खा भाऊ.

साडेअकराला साहेब आले. साहेब काकांपेक्षा अठरा वर्षांनी लहान, माणूस वाईट नव्हता. वाईट बातमीच्या वेळी मान खाजवायचा, त्यामुळे मान कायम लाल. दिव्याचा लाल उजेड लोकांच्या पडद्यावर पडतो, त्रास होतो, म्हणून त्यांनी येता येता दिव्यावर कागदी पिशवी घातली होती. ते काकांच्या टेबलाच्या कडेवर बसले आणि म्हणाले, काका, गुरुवारी द्यायचंय. काकांनी मान हलवली. "ती तुमची जुनी ओळ परत टाका ना. तात्पुरती." काकांनी पडदा त्यांच्याकडे वळवला आणि चारचा ठोका दाखवला. साहेबांनी वाचलं. मान खाजवली. एकच केस आहे, म्हणाले, नेटही खराब दिसतंय त्यांच्याकडे, एका केसवरून आपण असं एकदम म्हणू नाही शकत. काका म्हणाले, "ही माझी आई."

साहेब उठून उभे राहिले, मग टेबलाच्या कडेवर बसणं बरं नाही म्हणून खुर्ची ओढून बसले. फार वाईट झालं, म्हणाले, आणि ते त्यांना खरंच वाटत होतं, डोळे ओले झाले होते. थोडा वेळ, योग्य तितका, ते जमिनीकडे बघत राहिले. मग खालच्या आवाजात विचारलं, "पण मग गुरुवारचं काय करायचं, काका?"

काका म्हणाले, लाल राहू दे. भांडले नाहीत. त्यांनी पत्र लिहायला घेतलं. पंचवीस वर्षं त्यांनी चुकांची पत्रं लिहिली होती, कोरडी, क्रमवार, त्यामुळे हात आपोआप चालला: काय घडलं, कधी घडतं, कशामुळे. ही ओळ कुणी घातली ह्या ठिकाणी त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं, आणि शेजारी, चार वर्षांपूर्वी. पत्र साहेबांना, वरच्या साहेबांना, आणि यंत्राच्या माहितीपुस्तकात शेवटच्या पानावर सुरक्षा समितीतल्या डॉक्टरांचा एक पत्ता असतो, जिथे कंपनीच्या जन्मापासून कुणी पत्र पाठवलं नव्हतं, तिथे. सहा हजार घरं, त्यांनी लिहिलं, आणि दर तासाच्या ठोक्याला ह्या सहा हजार घरांत काही वेळ कुणीही जागं नसतं. हे वाक्य कोरडं नाही म्हणून खोडलं. पुन्हा लिहिलं. घड्याळात बाराला अर्धं मिनिट कमी होतं. काकांनी हात टेबलावर ठेवले आणि श्वास रोखून बसले. ठोका पडला. दोन, तीन, चार, पाच. काही झालं नाही, म्हणजे इथे काही झालं नाही. सहा हजारांतलं त्यांना काय कळणार. त्यांनी पत्र पाठवलं. डॉक्टरांच्या पत्त्यावरून लगेच उत्तर आलं, यंत्राचंच: आपलं पत्र मिळालं आहे, उत्तराला काही दिवस लागू शकतात.

मग अडीचला ते बॅग घेऊन निघाले. सोमवारी दुपारी रस्त्यावर इतकी माणसं असतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. बसमध्ये खिडकीशी बसून ते वाक्यं जुळवू लागले. ताई, मला एक सांगायचंय, पण तू वाईट वाटून घेऊ नकोस. नापास, वाईट वाटून घेण्याचं उरलंय काय. ताई, तांत्रिक गोष्ट आहे, म्हणजे यंत्रात एक रांग असते. नापास, रांगेचं तिला काय. ताई, त्या दिवशी मी जे बोललो ते त्या वेळच्या माहितीप्रमाणे बरोबर होतं, पण. इथे त्यांना स्वतःचीच किळस आली. प्रत्येक वाक्य कुठून तरी पण ह्या शब्दापाशी येऊन कोसळत होतं. एका थांब्यावर कुणी म्हातारी चढली, काकांनी जागा दिली, उभं राहिल्यावर जरा बरं सुचू लागलं. लॉग वरून वाचायचा. पहिली ओळ कुठली? यंत्र नाही, रांग नाही, आपण तर नाहीच. तू जागी होतीस. एवढंच आधी म्हणायचं, बाकीच्या साडेतीनशे ओळी मागून येतील.

ताईने दार उघडलं आणि त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "सोमवारी? काढून टाकलं की काय तुला?" काका हसले. तसं होऊही शकेल, हे त्यांना हसताना सुचलं. तिने चहा ठेवला, गुडघ्याचं सांगितलं, वरच्या मजल्यावरच्या बाईच्या कुत्र्याचं सांगितलं. ते कुत्रं जिना उतरायला घाबरतं, त्याला उचलून आणावं लागतं, मी तिला म्हटलं माझ्याकडे ठेव, जिना नसलेल्यांकडे सगळे ठेवतात. खुर्ची तशीच होती, उशीविना, सरळ पाठीची. काका तिवईवर बसले. कप हातात, कप तोंडाला, कप खाली. आता. आता कुत्र्याचं संपलं की. आतल्या खोलीचं दार उघडं होतं आणि पलंगावर ताईने शिवणाचे कपडे घडी करून रचले होते. आता. काकांनी तोंड उघडलं तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात चारला दोन मिनिटं होती, आणि ताईने घड्याळाकडे न बघताच गुडघ्यांवर हात टेकले आणि उठली.

ती ओट्याशी गेली. डब्यातली मिरी मिक्सरच्या भांड्यात ओतली, झाकण लावलं, पंजाने दाबून धरलं. काका मागे दारात उभे. तिची पाठ, तिची पांढरी वेणी, ब्लाउजवर अडकवलेली सुई. मिक्सर सुरू झाला. मिरी काचा फोडल्यासारखी फुटत होती, नाकाला झोंबत होती, ओट्यावरचा पेला थरथरत होता. आणि त्या आवाजाच्या आडोशाला काका बोलले. ताई, तू जागी होतीस. भोंगा नऊ मिनिटं वाजलाच नव्हता. वाजल्यावर तू अकरा सेकंदांत पोचलीस. माझ्याकडे लिहिलेलं आहे. चूक आमची होती, माझी होती, मी ती झाकली होती, आणि सगळ्यांसमोर तुझ्यावर मी ढकलली. सगळं बोलले. एक ओळ गाळली नाही, एकदाही पण आला नाही. आवाज कापला नाही, की कापला असेल तर मिक्सरने झाकला. बोलून झालं आणि काकांच्या छातीवरून कुणीतरी पट्टा सोडल्यासारखं झालं. सांगितलं. एकदा सांगून झालं. माणूस खोटं नाही बोलला, ह्याच घरात, तिच्यापासून चार पावलांवर उभं राहून त्याने खरं सांगितलं होतं, ह्याची नोंद कुठेतरी झालीच असणार. डोळ्यांपुढे, त्यांची इच्छा नसताना, एक दिवा हिरवा झाला. त्यांनी तिवईखालची बॅग उचललीसुद्धा.

चार वाजून एक मिनिट झालं होतं. ताईने मिक्सर बंद केला. खोलीत इतकी शांतता झाली की वरच्या मजल्यावर कुत्र्याची नखं फरशीवर वाजत होती ती ऐकू आली. तिने झाकण काढलं, शिंक आवरली, आणि झाकण हातात धरूनच मागे वळली.

"काहीतरी म्हणालास ना रे? ह्या आवाजात काही कळलं नाही. परत एकदा सांग."